खुली कोळसा खाण: उलटलेल्या थरांचा हिशेब

निफाडच्या फलाटावर गाडीची वाट पाहत उभे असताना भुसावळकडून आलेली कोळशाची मालगाडी समोरून जाताना अनेकांनी पाहिली असेल. अठ्ठावन्न-एकोणसाठ उघडे डबे एकामागून एक सरकत राहतात, प्रत्येक डब्यात साठ टनांहून अधिक कोळसा असतो आणि गाडी निघून गेल्यावर रुळांमधल्या खडीवर बारीक काळी भुकटी उरते. अशी एक गाडी साधारण ३,८०० टन कोळसा आणते. नाशिकजवळच्या एकलहरे औष्णिक वीज केंद्रात २१० मेगावॅटचे तीन संच आहेत आणि ते १९७९ ते १९८१ या काळात सुरू झाले. त्यांपैकी एक संच पूर्ण क्षमतेने चोवीस तास चालवायचा, तर अशी जवळपास एक अख्खी गाडी लागते. गाडी रिकामी होते, कोळसा जळतो, वीज तारांमधून घराघरांत जाते. आपल्याला दिसते ते एवढेच. परंतु हा कोळसा जिथून निघतो तिथे जमिनीचे नेमके काय होते, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कोणी विचारत नाही, आणि तो विचारला जावा असे मला मनापासून वाटते.

नाशिक जिल्ह्यात कोळसा नाही. आपल्या पायाखाली आहे तो बसाल्ट, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या थरांवर थर साचून तयार झालेला काळा पाषाण. कोळसा त्याहून कितीतरी जुना आहे. भारताचा भूभाग दक्षिण गोलार्धातल्या गोंडवन या महाखंडाला जोडलेला होता, तेव्हा, म्हणजे पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वी, दलदलीतली झाडे गाळाखाली गाडली गेली आणि दाबामुळे व उष्णतेमुळे त्यांचा कोळसा झाला. महाराष्ट्रात असे खडक विदर्भात आहेत: चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांतले वर्धा नदीचे खोरे, तसेच नागपूर जिल्ह्यातले कामठी आणि उमरेड हे पट्टे. वर्धा खोऱ्याच्या काही भागांत या जुन्या खडकांवर आपलाच काळा कातळ पसरलेला आहे, म्हणजे तिथे कोळशापर्यंत पोहोचण्यासाठी आधी बसाल्ट फोडावा लागतो. नाशिकहून हे खोरे रेल्वेने जवळपास सातशे किलोमीटर दूर आहे. एवढ्या अंतरामुळेच खाण आपल्या मनात कधी येत नाही.

खाण म्हटले की डोक्यावर दिवा लावून बोगद्यात उतरणारा मजूर आपल्या डोळ्यांसमोर येतो. ते चित्र आता मागे पडले आहे. २०२४-२५ या वर्षात भारताचे कोळसा उत्पादन १०० कोटी टनांच्या पुढे गेले आणि त्यातला नव्वद टक्क्यांहून अधिक कोळसा खुल्या खाणींतून निघाला. खुली खाण, किंवा चंद्रपूर-वणीकडे सर्वजण म्हणतात ती ‘ओपनकास्ट’, हा एक प्रचंड खड्डा असतो. सारूळ परिसरातल्या दगडखाणी पाहिलेल्या नाशिककरांना वाटेल की हे त्याचेच मोठे रूप असावे, पण दोहोंत मूलभूत फरक आहे. दगडखाणीत जो दगड फोडला जातो तोच विकला जातो. कोळशाच्या खाणीत मात्र जे फोडले जाते त्यातला बहुतेक भाग कोणालाही नको असतो. कोळशाच्या वर असलेली माती, मुरूम, वालुकाश्म, शेल (गाळ घट्ट होऊन बनलेला पापुद्र्यांचा खडक) हे सारे केवळ वाटेत आले म्हणून उचलून बाजूला टाकले जाते. या सगळ्याला खाणीच्या भाषेत ओव्हरबर्डन, बोलण्यात ‘ओबी’ म्हणतात. ‘वर असलेले ओझे’ असा त्या शब्दाचा अर्थ निघतो. ज्या मातीत कालपर्यंत कापूस आणि तूर उभी होती तिला ओझे म्हणावे, यातच या उद्योगाची दृष्टी बरीचशी कळते.

काम कसे चालते ते पाहू. प्रथम झाडे तोडून जमीन मोकळी केली जाते आणि वरची सुपीक माती खरवडून वेगळी ठेवली जाते, निदान ठेवली जावी अशी परवान्याची अट असते. मग खालच्या कठीण खडकात वीतभर व्यासाची खोल छिद्रे पाडून त्यांत अमोनियम नायट्रेट आणि इंधन तेलावर आधारलेली स्फोटके भरतात आणि सुरुंग उडवतात. फुटलेला खडक शॉवेल नावाची अवाढव्य यंत्रे उचलून डंपरमध्ये टाकतात. एकेक डंपर साठ किंवा शंभर टनांचा असतो. खड्डा सरळ उभा खणला तर कडे ढासळतील, म्हणून तो पायऱ्यापायऱ्यांनी खाली नेतात. या पायऱ्यांना बेंच म्हणतात आणि त्यांच्यावरूनच डंपरचे रस्ते नागमोडी वळणे घेत तळापर्यंत जातात. तळाशी कोळशाचा थर लागतो, जो वर्धा खोऱ्यात काही ठिकाणी पंधरा-वीस मीटर जाडीचा आहे. हा थर जमिनीत तिरका उतरत जातो, त्यामुळे खाण जसजशी पुढे सरकते तसतशी ती खोलही होते आणि प्रत्येक टन कोळशामागे काढाव्या लागणाऱ्या खडकाचे प्रमाण वाढत जाते.

हे प्रमाण समजून घेणे फार गरजेचे आहे, कारण पर्यावरणावरच्या बहुतेक परिणामांचे मूळ त्यात आहे. एक टन कोळशासाठी किती घनमीटर ओबी हलवावी लागते, असा तो हिशेब असतो, आणि विदर्भातल्या खाणींत हा आकडा चार किंवा त्याहून अधिक असणे सर्रास आढळते. आपण चार धरू. महिन्याला १५० युनिट वीज वापरणारे नाशिकमधले एखादे घर घेतले आणि ती सारी वीज कोळशापासून आली असे मानले, तर त्या घरासाठी महिन्याला साधारण १०० किलो कोळसा जळतो. तेवढ्या कोळशासाठी खाणीत ०.४ घनमीटर, म्हणजे टनाच्या आसपास वजनाचा खडक हलवला जातो. फुटलेला खडक फुगतो हे लक्षात घेतले, तर एका घराच्या वर्षभराच्या विजेपायी सुमारे दोन ब्रास माती-दगडाचा ढीग विदर्भात कुठेतरी तयार होतो. ब्रास हे माप मी मुद्दाम वापरले, कारण घर बांधलेल्या कोणालाही दोन ब्रास मुरूम अंगणात ओतला की तो किती जागा व्यापतो हे ठाऊक असते.

मग खुली खाणच का, असा प्रश्न येतो, आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवे. भूमिगत खाणीत छप्पर तोलून धरण्यासाठी कोळशाचेच खांब सोडावे लागतात आणि साठ्याचा मोठा भाग खालीच राहतो. खुल्या खाणीत मात्र बहुतेक सगळा कोळसा हाती लागतो. शिवाय छप्पर कोसळणे, वायूचे स्फोट, पाणी शिरून कामगार अडकणे अशा भूमिगत खाणींतल्या भीषण अपघातांचा धोका इथे पुष्कळ कमी असतो. कोळसा स्वस्त पडतो आणि लवकर निघतो. हे फायदे खोटे नाहीत. मात्र स्वस्ताईच्या या हिशेबात जमिनीच्या रचनेची किंमत कुठेही धरलेली नसते.

ही रचना म्हणजे काय, हे नाशिकच्या शेतकऱ्याला समजावण्याची गरज नाही. विहीर खणताना आधी काळी माती लागते, मग मुरूम, मग मांजऱ्या आणि त्याखाली घट्ट काळा पाषाण. प्रत्येक थराचे काम ठरलेले असते: एक पीक पोसतो, एक पाणी मुरवतो, एक साठवतो आणि एक त्याला अडवून धरतो. दिंडोरी तालुक्यात माझ्या मामांनी काही वर्षांपूर्वी उताराचा एक तुकडा द्राक्षबागेसाठी सपाट करून घेतला. यंत्र चालवणाऱ्याने घाईत वरची माती खालच्या अंगाला लोटली आणि त्यावर खालचा मुरूम ओढला. माती कुठेही गेली नव्हती, ती त्याच शेतात होती, फक्त तिची जागा बदलली होती. तरी त्या तुकड्याच्या वरच्या अर्ध्या भागात वेली कित्येक वर्षे पिवळ्या आणि खुरट्या राहिल्या. शेणखताच्या ट्रॉल्यांवर ट्रॉल्या पडल्या, ताग पेरून गाडला गेला, तेव्हा कुठे जमीन धरायला लागली. तो तुकडा वीस गुंठ्यांचा होता आणि उलथापालथ हातभर खोलीची होती. खुल्या खाणीत हीच उलथापालथ शेकडो हेक्टरांवर आणि शंभर-दीडशे मीटर खोलीपर्यंत होते, आणि सर्वांत खालचा, कोट्यवधी वर्षे सूर्य न पाहिलेला खडक सर्वांत वर येऊन पडतो.

चंद्रपूरजवळच्या एका जुन्या ढिगाऱ्याच्या पायथ्याशी मी उभा राहिलो होतो, तेव्हा पायाखाली राखाडी शेलचे तुकडे होते. त्यातला एक उचलून पाहिला तर त्यावर पानाचा स्पष्ट ठसा होता: जिभेच्या आकाराचे लांबट पान, मध्ये जाड शीर आणि तिच्यापासून निघालेले बारीक शिरांचे जाळे. ते ग्लॉसोप्टेरिसचे पान होते, ज्या झाडांपासून गोंडवन काळातला कोळसा बनला त्यांपैकी एक. ते हातात धरल्याचा आनंद मोठा होता. पण त्या तुकड्याच्या आसपास काही उगवलेले नव्हते, कारण त्या शेलमध्ये सेंद्रिय खत नाही, नत्र नाही, गांडुळे नाहीत, मुळांना धरून राहणारी बुरशी नाही. माती ही जिवंत वस्तू आहे आणि बोटभर जाडीची माती घडायला शेकडो वर्षे लागतात. म्हणूनच सुपीक माती वेगळी काढून ठेवण्याची अट घातली जाते, पण ती ढिगात वर्षानुवर्षे पडून राहिली तर आतल्या भागाला हवा मिळत नाही आणि तिच्यातले जीवजंतू मरतात. माती काढल्याबरोबर लगेच दुसऱ्या तयार जागेवर पसरली तरच तिचा जीव टिकतो. बऱ्याच ठिकाणी तेवढा मेळ घातला जात नाही.

पाण्याची गोष्ट याहूनही गुंतागुंतीची आहे आणि माझ्या मते सर्वांत गंभीरही. नाशिकच्या बसाल्टमध्ये पाणी फटींमध्ये आणि झिजलेल्या थरांत साठते, त्यामुळे ते मोजकेच असते. विदर्भाच्या कोळसा पट्ट्यात कोळशाच्या वर असलेला वालुकाश्म मात्र स्पंजासारखा सच्छिद्र असतो आणि त्यात भरपूर पाणी असते. आसपासच्या गावांच्या विहिरी आणि हातपंप याच पाण्यावर चालतात. खाण या थराला कापून खाली जाते तेव्हा चारी बाजूंनी पाणी खड्ड्यात झिरपू लागते. काम चालू ठेवायचे तर ते रात्रंदिवस पंपाने उपसावे लागते. परिणाम असा होतो की खाणीच्या भोवती भूजलाची पातळी एखाद्या नरसाळ्यासारखी खाली उतरते: खड्ड्याजवळ सर्वाधिक, दूर जाऊ तसतशी कमी. ज्या गावाची जमीन खाणीत गेलेलीच नाही, ज्याला मोबदला मिळालेला नाही, त्याच्याही विहिरी या नरसाळ्याच्या उतारावर येतात आणि उन्हाळ्याआधीच तळ दाखवू लागतात. आपल्या शेजाऱ्याने खोल बोअर घेतला की आपली विहीर कशी बसते, हे निफाड-चांदवडकडच्या लोकांनी अनुभवलेले आहे. इथे तो शेजारी दोन किलोमीटर लांबीचा आणि दीडशे मीटर खोल असतो.

उपसलेले पाणी नाल्यात सोडले जाते. आधी ते गाळ खाली बसवण्याच्या टाक्यांमधून जायला हवे, कारण त्यात कोळशाची भुकटी, माती, यंत्रांचे तेल आणि स्फोटकांच्या अवशेषांमुळे आलेले नायट्रेट असते. काही ठिकाणी हेच पाणी शुद्ध करून गावांना पिण्यासाठी आणि शेतीसाठी दिले जाते, आणि ते चांगले पाऊल आहे हे मान्य करायला हवे. पण खाण बंद पडली की पंपही बंद होतात, आणि ज्या गावाची विहीर तोवर आटलेली आहे त्याच्या हाती काही राहत नाही.

खाणीच्या पाण्याबद्दल बोलताना आम्लाचा उल्लेख नेहमी येतो. कोळशात आणि त्याच्या आसपासच्या खडकात पायराइट हे लोह आणि गंधकाचे खनिज असते. ते जमिनीत बंद असते तोवर निरुपद्रवी असते, पण हवा आणि पाणी लागताच त्यातून गंधकाम्ल तयार होते, पाणी आंबट होते, खडकातले धातू त्यात विरघळतात आणि ओढ्याच्या तळाशी तांबूस-पिवळा साका बसतो. मेघालयात आणि आसामात गंधकाचे प्रमाण अधिक असल्यामुळे तिथल्या ओढ्यांची फार मोठी हानी झाली आहे. विदर्भाच्या कोळशात गंधक कमी आहे, साधारण एक टक्क्याच्या आत, म्हणून हे संकट आपल्याकडे तुलनेने सौम्य आहे.

आता त्या ढिगाऱ्यांकडे वळू. फुटलेला खडक मूळ जागेपेक्षा वीस-तीस टक्क्यांनी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे खाणीभोवती अक्षरशः डोंगर उभे राहतात. सपाट वर्धा खोऱ्यातून जाताना क्षितिजावर टेकड्या दिसतात आणि नवख्या माणसाला त्या निसर्गनिर्मित वाटतात. जवळ गेल्यावर त्यांचे सपाट माथे आणि सरळ उतार पाहून खरे काय ते कळते. या सैल ढिगाऱ्यांवर पाऊस पडला की घळी पडतात आणि माती खालच्या शेतात, नाल्यात, नदीत जाते. इरई आणि वर्धा नद्यांच्या काठांवर असे ढिगारे रचल्यामुळे पात्र आकसते आणि पुराचे पाणी गावांत शिरते, अशी चंद्रपूरकरांची जुनी तक्रार आहे, आणि नदीचे पात्र अरुंद केल्यावर पूर कसा फुगतो हे गोदाकाठच्या माणसाला वेगळे सांगायला नको. ढिगारा ढासळण्याचा धोका तर कामगारांच्या थेट जिवावर बेततो. २९ डिसेंबर २०१६ रोजी झारखंडमधल्या राजमहल खुल्या खाणीत असाच प्रचंड ढिगारा खचला आणि २३ जणांचा मृत्यू झाला. म्हणूनच ढिगाऱ्याचा एकूण उतार २८ अंशांपेक्षा अधिक नसावा, अशी अट पर्यावरण मंजुरीत सहसा असते.

धुळीबद्दल एक गैरसमज आहे. लोकांना वाटते की ती सुरुंगांमुळे उडते. सुरुंगाची धूळ भपकन दिसते खरी, परंतु खाणीतल्या धुळीचा मोठा हिस्सा डंपरच्या कच्च्या रस्त्यांवर उडतो, कारण तिथे शंभर टनांची चाके दिवसरात्र मातीचे पीठ करत असतात. टँकरने पाणी मारले की ती काही वेळ बसते, उन्हाळ्यात मात्र चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा मारलेले पाणी बघता बघता सुकते. ही धूळ श्वासातून फुप्फुसांत जाते आणि कापसाच्या बोंडांवर, तुरीच्या पानांवरही बसते. खाणीलगतच्या शेतातला कापूस काळसर दिसतो म्हणून त्याला भाव कमी मिळतो, हे तिकडचा कोणताही शेतकरी सांगेल. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक परिसरांची प्रदूषणानुसार क्रमवारी लावली, तेव्हा चंद्रपूर चौथ्या क्रमांकावर होते. त्यात खाणींबरोबरच २,९२० मेगावॅटपर्यंत वाढलेल्या तिथल्या वीज केंद्राचा आणि इतर कारखान्यांचाही वाटा आहे, हे न्यायाने सांगायला हवे.

कोळशाचा थर उघडा पडला की त्याला हवा लागते, तो हळूहळू तापतो आणि काही वेळा आपोआप पेट घेतो. झारखंडच्या झरियामध्ये १९१६ पासून अशा आगी नोंदल्या गेल्या आहेत. उघड्या पडलेल्या थरांतून मिथेनही बाहेर पडतो, आणि वीस वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशी पट उष्णता धरून ठेवतो. खोल भूमिगत खाणींच्या तुलनेत खुल्या खाणीतून टनामागे तो कमी निघतो, परंतु कोळसा जळण्याआधीच हवामानावरचा त्याचा भार सुरू झालेला असतो.

जंगलाच्या बाबतीत चंद्रपूरची स्थिती फार नाजूक आहे, कारण कोळसा आणि ताडोबाचा वाघ एकाच भूभागात आहेत. खाण थेट अभयारण्यात नसली, तरी एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जाण्याचा वाघाचा मार्ग ती तोडते. जुन्या ढिगाऱ्यांवर विलायती बाभळीचे दाट रान माजते आणि त्यात बिबटे, वाघ आसरा घेतात. चंद्रपूरजवळच्या दुर्गापूर परिसरात खाण, वीज केंद्र आणि वस्ती एकमेकांना खेटून असल्यामुळे माणसांवर हल्ले झाले आहेत. हिरवळ दिसते म्हणजे जंगल परतले, असे समजणे किती अपुरे आहे, हे तिथे कळते.

गावांविषयी थोडक्यात सांगतो, कारण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. सरकारी कोळसा कंपन्यांसाठी जमीन मुख्यतः १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र संपादन कायद्यानुसार घेतली जाते आणि कोल इंडियाच्या धोरणात दोन एकरांमागे एक नोकरी असा निकष राहिला आहे. ज्याची जमीन जाते त्याला निदान काही मिळते. ज्याच्या नावावर जमीन नव्हती, जो दुसऱ्याच्या शेतात निंदणी-वेचणी करत होता, त्याला या निकषात जागा नाही.

मग खाण संपल्यावर जमीन पूर्ववत करता येते का? काही प्रमाणात येते, आणि कायद्याने ते बंधनकारकही आहे. कोळसा मंत्रालयाने २००९ मध्ये खाण बंद करण्याच्या आराखड्याचे नियम केले, त्यानुसार खुल्या खाणीसाठी हेक्टरी ६ लाख रुपयांच्या हिशेबाने रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी लागू लागली, म्हणजे कंपनीने काम अर्धवट सोडले तरी पैसा हाती असावा. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणीच्या जमिनीवर पुन्हा गवत लावण्याची अट घालण्याचे आदेश दिले, जेणेकरून गुरांना चारा आणि वन्यजीवांना आधार मिळेल. गवताचा हा आग्रह मला फार शहाणपणाचा वाटतो. ओसाड ढिगाऱ्यावर एकदम झाडे लावली की फोटो चांगले येतात, पण मुळांना धरायला तिथे मातीच नसते. आधी गवत आणि द्विदल वनस्पती, मग झुडपे, मग स्थानिक झाडे, अशा क्रमाने गेले तर जमीन हळूहळू घडते. अमेरिकेच्या १९७७ च्या कायद्याने तर सुपीक माती वेगळी काढणे, ती परत वर पसरणे आणि जमिनीला जवळपास पूर्वीचा चढउतार देणे खाणमालकावर बंधनकारक केले. तिथेही मूळचे जंगल परत आले असे म्हणता येत नाही, पण थरांचा क्रम महत्त्वाचा आहे हे निदान कायद्याने मान्य केले. आपल्याकडे नागपूर जिल्ह्यात गोंडेगाव येथे ओबीतल्या वालुकाश्मापासून बांधकामाची वाळू वेगळी केली जाते. नद्या ओरबाडून वाळू काढण्यापेक्षा हे निश्चितच बरे आहे.

राखेचाही यात संबंध येतो. भारतीय कोळशात तीस ते पंचेचाळीस टक्के राख असते, म्हणजे आपण विदर्भातून जे आणतो त्यातला तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक भाग जळत नाही, तो केवळ दगडाची भुकटी म्हणून सातशे किलोमीटरचा प्रवास करतो आणि राखेच्या तलावात जाऊन बसतो. खाणीपासून ५०० किलोमीटरपेक्षा दूर असलेल्या केंद्रांना ३४ टक्क्यांहून अधिक राखेचा कोळसा पाठवू नये, असा नियम २०१४ मध्ये झाला होता आणि तो टप्प्याटप्प्याने लागू झाला. नाशिक त्या अंतराच्या बाहेर असल्यामुळे हा नियम आपल्या कामाचा होता. मे २०२० मध्ये तो रद्द करण्यात आला. त्याबद्दल नाशिकमध्ये जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही, याची मला खंत वाटते.

आता शेवटच्या खड्ड्याविषयी. खाण पुढे सरकते तेव्हा नव्या भागातली ओबी मागच्या रिकाम्या खड्ड्यात टाकली जाते, आणि ही पद्धत योग्यच आहे. खडक फुगतो हे आपण पाहिले, त्यामुळे कोळसा काढून नेला तरी उरलेल्या खडकाने खड्डा जवळपास भरू शकतो. तरीही प्रत्येक मोठ्या खाणीच्या शेवटी एक खोल खड्डा उरतोच. याचे कारण असे की सुरुवातीला खणलेली ओबी टाकायला खड्डा नसतो, म्हणून ती बाहेर डोंगर करून ठेवलेली असते, आणि शेवटचा खड्डा भरायला नवी ओबी उरलेली नसते. पहिला डोंगर उचलून शेवटच्या खड्ड्यात टाकला तर हिशेब जुळेल, पण तोच खडक दुसऱ्यांदा हलवण्याचा खर्च कोळसा संपल्यानंतर करायला कोणी तयार नसते. म्हणून डोंगर डोंगराच्या जागी राहतो आणि खड्डा खड्ड्याच्या जागी.

पंप थांबले की त्या खड्ड्यात पाणी चढू लागते, वर्षामागून वर्षे, आणि शेवटी एक खोल, कडे उभे असलेला, निळसर तलाव तयार होतो. त्यात मासे सोडता येतात, काठ सुरक्षित केले तर सिंचनही होते. मात्र त्याच्या भोवतीची भरलेली जमीन हा आता वालुकाश्माचा सलग थर नसतो, तो दगड-मातीचा सैल भराव असतो, आणि पाणी त्यातून जुन्या वाटांनी जात नाही. कोणत्या गावाच्या विहिरीला पुन्हा पाझर फुटेल आणि कोणत्या गावाची कायमची कोरडी राहील, हे त्या भरावात पाणी कुठून वाट काढते यावर ठरते. वाट काढलेले पाणी पुढे वर्धा नदीत जाते, वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, आणि प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. त्र्यंबकेश्वरला उगम पावलेले, रामकुंडावरून आणि एकलहऱ्यावरून वाहत गेलेले आपले पाणी आणि त्या खाणींचे पाणी तिथे एकत्र येते.